डाव्या हाताचा चाकू

बहिणीचा फोन आला तेव्हा माझ्या सांडशीत लालभडक पातं होतं. फोन तेव्हाच उचलायची काही गरज नव्हती, पण वाजणारी वस्तू वाजत ठेवणं मला जमत नाही. खांदा आणि कान यांच्यात फोन धरला, पातं तेलात सोडलं आणि तिच्यावरच खेकसलो, "काय गं, आत्ताच सापडली का वेळ?"

तेल चुरचुरायचं थांबलं, मी पातं तारेला टांगलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "दादा, डाव्या हाताचा एक चाकू करशील का?"

मी चाकू करतो. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आधी एका कारखान्यात फिटर होतो. तिथं साहेबाशी वाजलं, रागाच्या भरात घरी आलो आणि ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून द्राक्षाच्या कलमाचे चाकू करायला लागलो. वैराग, मोहोळकडचे कलम बांधणारे येतात, पातं डोळ्यासमोर धरून बघतात आणि म्हणतात, "तुमच्या पात्याला बाक नसतो बघा." हे ऐकलं की माझा दिवस चांगला जातो. खोटं कशाला बोलू, पुढं दोन दिवस मी ते घरात ऐकवतोही.

कलमाचं काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेतात लावलेला जंगली खुंट वरून कापून मधोमध चिरतात. चांगल्या जातीच्या काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करतात, ते त्या चिरेत बसवतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. काडीचा काप एकदम सपाट पाहिजे. जरा खोलगट आला की आत फट राहते, आणि काडी चार दिवसांत वाळते. म्हणून या चाकूला एकाच अंगानं धार लावलेली असते. दुसरं अंग सपाट, ते काडीला चिकटून चालतं. हे सगळं उजव्या हाताच्या हिशेबानं. डाव्या हातात तोच चाकू घेतला की सपाट अंग बाहेर जातं, धारेचा उतार काडीवर येतो, आणि चाकू एकतर आत घुसतो नाहीतर वर निसटतो.

माझी धाकटी बहीण डावरी आहे. वैरागला दिलीय. सहा वर्षं ती कलमाच्या टोळीत जाते, आणि सहाही वर्षं पट्टीवर आहे. म्हणजे पुढं चाकूवाला कापत जातो, काडी बसवतो, आणि ही मागनं पट्टी गुंडाळत जाते. बाजारातला चाकू घेऊन तिनं दोनदा कापून बघितलं होतं. दोन्ही वेळा काड्या वाळल्या, आणि टोळीवाला चारचौघांत म्हणाला, "हिच्या हाताला कलम लागत न्हाय." आता टोळीतल्या एका चाकूवाल्याचा हात मोडला होता. टोळीवाल्यानं तिला सांगितलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक ओळ तुझी. लागली तर चाकू तुझ्याकडं. नाही लागली तर पुन्हा चाकूचं नाव काढायचं नाही.

"मग म्हातारी होस्तवर पट्टीच की दादा," ती म्हणाली.

"अगं पण सहा वर्षं काय झोपली होतीस? भाऊ चाकू करतोय, आणि तू बाजारातला घेऊन फिरतीस?"

"असंच," म्हणाली आणि फोन ठेवला.

घट बसले होते त्याच दिवशीची ही गोष्ट. दसऱ्याला नऊ दिवस. नऊ दिवसांत मी नऊ चाकू करतो, एकाचं काय घेऊन बसलात, असं मी स्वतःला सांगितलं.

एका अंगानं धारेच्या चाकूची खोड अशी की तेलात विझवताना तो हमखास वाकतो. पातळ बाजू आधी गार होते, जाड मागनं, आणि या ओढाताणीत पातं एका अंगाला बाक घेतं. त्यावर माझी एक युक्ती आहे. तापवायच्या आधीच मी पात्याला उलट्या बाजूनं केसभर वाकवून ठेवतो. तेल त्याला आपल्या बाजूला ओढतं, आणि दोन्हीची वजाबाकी होऊन पातं सरळ निघतं. किती वाकवायचं ते मोजता येत नाही, हाताला कळतं. हे हाताला कळायला मला दोन वर्षं आणि एक पोतं भरेल एवढं भंगार लागलं.

पहिलं पातं मी तिसऱ्या माळेला केलं. धार उलट्या अंगानं काढली, नीट काढली. ऐरणीवर ठेवून नेहमीसारखा एक टोला दिला, केसभर बाक आणला, तापवलं, तेलात सोडलं. वर काढलं तर हे केळं! चाकू नव्हे, केळं. मी बघतच राहिलो. मग डोक्यात उजेड पडला. धार मी डावी केली होती, पण हातानं टोला उजव्या चाकूचाच दिला होता. म्हणजे तेल ज्या बाजूला ओढणार, त्याच बाजूला मीही ढकललं होतं.

बरं, चुकलं तर चुकलं. शहाणा माणूस पातं बाजूला ठेवतो आणि दुसरं घेतो. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेलेली. सरळ होत नाहीस काय, बघतोच, म्हणून तसंच कडक पातं ऐरणीवर धरलं आणि हातोडा घातला. काचेसारखं तुटलं. एक तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळला. आई घरातनं ओरडली, "काय फोडलंस रं?" मी म्हणालो, "नशीब."

दुसऱ्या पात्याला दोन दिवस गेले. या वेळी टोला बरोबर बाजूनं दिला, तीनदा तपासला. भट्टीत पातं सारखं फिरवत ठेवलं, एकीकडं जास्त तापू दिलं नाही. करडईचं तेल आधीच कोमट करून ठेवलं होतं, थंडगार तेल पात्याला दचकवतं. टोक खाली करून सरळ उभं सोडलं, आत ढवळलं नाही. वर काढून उजेडाला धरलं आणि माझ्या तोंडातनं निघालं, "जमलं की च्यायला!" दोरा ताणल्यासारखं सरळ.

आणि इथं मी जे केलं ते सोलापूरच्याच माणसाला सुचेल. आमच्याकडं घरात शहाबादी फरशी, अंगणात शहाबादी, शेडमध्येही शहाबादी. उन्हाळ्यात माणसं तिच्यावर उघड्या अंगानं लोळतात, इतकी ती गार असते. मी ते गरम पातं फरशीवर आडवं ठेवलं आणि बहिणीला फोन लावला. तारेला टांगायला दोन पावलं जावं लागलं असतं, तेवढाही दम मला निघाला नाही.

"झाला तुझा चाकू," मी म्हणालो. "असा झालाय की टोळीवाला बघत राहील."

"खरंच दादा?" ती इतक्या आनंदानं म्हणाली की मी आणखी पाच मिनिटं बढाया मारल्या.

फोन ठेवून पातं उचललं तर बाकदार. तेलातनं निघालं म्हणजे पातं झालं असं नसतं. अंगात ऊब असेपर्यंत ते आतल्या आत बसत असतं, आणि त्या वेळी जे सोसावं लागेल तसं ते कायमचं होतं. खालच्या अंगाची ऊब फरशीनं पिऊन टाकली, वरचं अंग गरमच राहिलं, आणि पातं गेलं वाकून. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. नवीन माणसाला मी पहिली शिवी याच गोष्टीवरून देतो.

आता तिला फोन करून खरं सांगायला हवं होतं. नाही केला. लाज वाटली. तिसरं पातं करू, तिला कळणारही नाही, असं ठरवलं, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताना मध्येच उठायचो. पाणी प्यायला जायचो आणि शेडमध्ये जाऊन उभा राहायचो. बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती ते बरंच झालं, नाहीतर तिच्याशीही वाजलं असतं. आई म्हणाली, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. जरा बूड टेक की."

तिसरं पातं अष्टमीला केलं. आयुष्यात एवढ्या सावकाशीनं मी काही केलेलं नाही, लग्नसुद्धा नाही. ठोकून झाल्यावर पातं लाल केलं आणि राखेत पुरून आपोआप गार होऊ दिलं. असं तीनदा. ठोकाठोकीत पोलादाला जो ताण बसतो तो असा निघून जातो. एरवी मी हे एकदाच करतो आणि गिऱ्हाइकाला तीनदा सांगतो. धार निम्मीच काढली, कड जाड ठेवली, उरलेली नंतर घासायची. तेलातनं काढल्याबरोबर दोन जाड पोलादी पट्ट्यांमध्ये दाबून धरलं. हातमोज्यातनं चटका बसत होता तरी पूर्ण गार होईपर्यंत सोडलं नाही.

सोडून बघितलं, तर बाक होता. अगदी बारीक. फूटपट्टीच्या कडेला धरलं की मधोमध उजेडाची एक रेघ दिसायची. पण एवढा बाक काढता येतो. कडक केलेलं पातं तसंही परत मंद आचेवर दोन तास शेकावं लागतं, नाहीतर ते काचेसारखं राहतं. त्याच वेळी जाड पट्टीला तारेनं आवळून बांधायचं, दोन्ही टोकांखाली पत्र्याचा कपटा घालायचा, म्हणजे शेकता शेकता बाक मोडतो. माझ्याकडं त्यासाठी एक जुना विजेचा ओव्हन आहे. पातं बांधलं, ओव्हन लावला, आणि लाईट गेली. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला होता. संध्याकाळ गेली, लाईट आली नाही. मी दर दहा मिनिटांनी रस्त्यावर जाऊन खांबाकडं बघून येत होतो. खांबाकडं बघून लाईट आली असती तर आमच्या गल्लीत कधी अंधारच पडला नसता.

सकाळी उठलो तर लाईट होती, आणि शेडमध्ये ओव्हनला कुंकू लागलेलं.

खंडेनवमी. मी विसरलो होतो. आईनं पहाटेच उठून शेड झाडली होती, हातोडे, सांडश्या, कानशी, ग्राइंडर सगळं पुसून ओळीनं मांडलं होतं, भट्टीला आणि ओव्हनला हळद-कुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं होतं. आज हत्यारांची पूजा. आज एकाही हत्याराला हात लावायचा नाही, उद्या सकाळी पूजा उचलली की मगच. वडिलांच्या आधीपासून चालत आलेलं आहे. बांधलेलं पातं तिनं तेवढं बाहेर काढून खुंटीला अडकवलं होतं.

एक दिवसानं काय बिघडतं, असं वाटेल कुणाला. पण न शेकलेलं पातं कधी तडकेल याचा नेम नसतो. मागं एकदा असंच रात्रभर ठेवलेलं पातं सकाळी मी बघत असताना टिचकन् दोन झालं होतं, कुणी हात न लावता. हे पातं तर रात्रभर राहून झालं होतं. आणखी एक दिवस मी ते तसंच ठेवणार नव्हतो. आणि चौथ्या पात्याला दिवसच नव्हता.

मी शेडच्या दारातनं स्वयंपाकघराच्या दारात आणि तिथनं परत शेडमध्ये, अशा किती फेऱ्या मारल्या ते देवीलाच ठाऊक. आई स्वयंपाकघरात खाली बसून कडाकण्या लाटत होती. गुळाच्या पाण्यात रवा-मैदा मळून पापडाएवढ्या पातळ लाटायच्या, कडक तळायच्या आणि देवीच्या घटावर फुलोऱ्याला बांधायच्या. आमच्या घरात तो नवमीला बांधतात.

"काय घिरट्या घालतूस रं मघापास्नं?" तिनं विचारलं.

"ओव्हन लावू दे मला. दोन तास. फक्त ओव्हन."

"कुकू लावल्यालं हाय. उद्या."

"उद्या पातं राहील का? तडकलं तर?"

"तडकू दे. दुसरं कर. जगात काय एकच चाकू हाय?"

मग माझा तोल गेला. "तुझ्या कुंकवापायी पोरगी जन्मभर पट्टी गुंडाळत बसू दे! देवीला खूश ठेव तू, पोरीचं काय!"

आईचं लाटणं थांबलं. "कुठल्या पोरीचं?"

मी तिला सांगितलंच नव्हतं. का नव्हतं सांगितलं, तर डाव्या हाताचा चाकू म्हटल्यावर ती काय म्हणेल याची खात्री होती. आमच्या घरात डावा हात म्हणजे अपशकुन. बहीण डाव्या हातानं घास घ्यायला लागली की आई तिचं ताट ओढून घ्यायची. प्रसाद डाव्या हातात पडला तर तो झाडाला घालायची. आता मी सगळं सांगून टाकलं. टोळी, ओळ, दोन वेळा वाळलेल्या काड्या, मोडलेलं पातं, फरशीवरचं पातं, तिला मारलेली थाप. आणि शेवटी रागानं म्हणालो, "तूच तिचा हात वळवायला बघितलंस. पोरीला ना धड उजव्यानं करता येतं, ना डाव्यानं करायचं धाडस होतं. तूच."

आईनं लाटणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "म्या ताट वढलं. व्हय. खोटं न्हाय. पर मारलंस तू."

मला वाटलं ती काहीतरी भलतंच बोलतेय.

"आटव की. तुज्या बापानं तुला तिचा आब्यास घ्यायला सांगितल्याला. तू धावीला, ती पयलीला. लाकडी पट्टी घिऊन बसायचास. डाव्या हातात पेन्शिल दिसली की बोटाच्या पेरावर. ती रडायची बी न्हाय, हात पाठीमागं लपवायची. म्या चुलीपाशी बसून ऐकायची. म्हणायची, भाऊ हाय, सरळ करील."

आठवलं. विसरलो होतो असंही नाही, पण माझ्या आठवणीत ते 'मी तिचा अभ्यास घ्यायचो' असं होतं. पट्टीचा आवाज त्यात नव्हता. आता तो आला. आणि तिनं सहा वर्षं माझ्याकडं चाकू का मागितला नाही, तेही कळलं. मला तिथं उभं राहवेना, आणि जायलाही जागा नव्हती. शेडमध्ये झेंडूची फुलं बसली होती.

"त्या तुज्या पात्याला किती ताप लागतो?" आईनं विचारलं.

"काय?"

"बहिरा झालास का? किती ताप लागतो?"

मी म्हणालो, "तुझी कडाकणी तळायला लागतो तेवढाच. पण सारखा, दोन तास, कमी नाही जास्त नाही."

"मग आण हिकडं."

"कढईत? देवीच्या तेलात?"

तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं. घट होता, नंदादीप होता, मागं देवीचा मुखवटा. "आट हात हायती तिला," आई म्हणाली. "त्यातलं चार डावंच की. अन् समद्यांत हत्यारं. ती कशाला रागवंल?" आणि मग जरा थांबून, मला नाही, देवीला म्हणाली, "फुलोरा जरा उशिरा बांदते, बाई. पोरीचं काम हाय."

माझे डोळे भरून आले, आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी पातं आणायला पळालो.

आता पुढचे दोन तास. मी लगेच तार आणखी आवळायला लागलो तर तिनं हात धरला. "थंड हाय न्हवं? थंड पापड वाकवशील तर मोडंल का न्हाय?" तिला पोलादातलं काही कळत नाही, पण हे तिचं बरोबर होतं. तार सैल करून पातं पट्टीसकट कढईत सोडलं. ते पुरतं तापलं तेव्हा सांडशीनं, म्हणजे तिच्या भांड्याच्या सांडशीनं, वर काढून तार आवळली आणि परत सोडलं. तेलाचा ताप बघायला माझ्याकडं काही नव्हतं. आईकडं कणकेची गोळी होती. गोळी टाकायची. झटकन वर आली तर आच कमी. तळाशी बसून राहिली तर जरा जास्त. सावकाश, बुडबुडे सोडत वर आली तर बरोबर. गॅसच्या बटणावरचा तिचा हात दोन तास हलला नाही. म्हणजे हलत होता, पण एवढासा, की मला जेमतेम दिसायचा.

मी दोनदा उठलो. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. बस खाली." मी बसलो. तिनं पोळपाट माझ्याकडं सरकवला, "लाट." मी कडाकण्या लाटल्या. एकही गोल आली नाही. तिनं त्यातल्या चार उचलून बघितल्या आणि म्हणाली, "ह्या घरच्यांस्नी. देवीला न्हाय दाखवायच्या."

पातं काढलं, दोरीवर टांगलं, गार झालं. तार सोडली. खिडकीत जाऊन फूटपट्टीच्या कडेला धरलं. उजेडाची रेघ नव्हती. मी उलटं करून बघितलं, परत सुलटं करून बघितलं. नव्हती. आईला बोलवून दाखवलं. तिला मोतीबिंदू, तिला काय दिसणार, पण तिनं मान हलवली. मग पातेल्यात नवीन तेल ओतून फुलोऱ्याच्या कडाकण्या तळल्या.

दसऱ्याला सकाळी पूजा उचलल्याबरोबर धार काढली, मूठ बसवली. बहीण दुपारी आली, आपट्याचं सोनं दिलं, आईच्या पाया पडली. मी चाकू तिच्यापुढं धरला. तिनं पातं डोळ्यासमोर नेऊन बघितलं, अंगठ्यानं सपाट बाजू चाचपली, आणि रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला.

"अगं, धरून बघ की! एखादी काडी काप."

"उद्या धरते."

"उद्या काय उद्या? आत्ता बघ."

"उद्या, दादा," ती म्हणाली. मला राग आला. तो मी गिळला, आणि एवढंच. मला तिला त्या लाकडी पट्टीबद्दल काही बोलायचं होतं. काय बोलायचं ते जुळत नव्हतं. तेवढ्यात तिच्या एसटीची वेळ झाली.

ती ओळ लागली, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला ताणून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पंधरा-वीस दिवसांनी काड्यांना डोळे फुटले, थोड्या गेल्या, पण तेवढ्या कुणाच्याही जातात. ती आता चाकूवर आहे आणि तिच्यामागं एक बाप्या पट्टी गुंडाळत चालतो. सांगायचं राहिलंय ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

तिनं येऊ नको म्हणून सांगितलं होतं. पण घरात मला कुठं दम निघतोय? मोटारसायकलला किक मारली आणि वैराग गाठलं. बाग रस्त्यापासून आत होती. टोळी कामाला लागलेली होती. मी बांधावरनं चालत गेलो आणि लांबूनच ती दिसली. उकिडवी बसून, डाव्या हातात माझा चाकू. काडी घेतली, एक ओढ, काडी फिरवली, दुसरी ओढ, पाचर तयार. खुंटात सरकवली, पुढं सरकली. काय सफाई होती! एवढी वर्षं चाकू करतो, पण माझा चाकू असा चाललेला मी कधी बघितला नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, ती माझी बहीण आहे म्हणून. मी भराभरा पुढं गेलो, जवळनं बघायला.

दहा पावलांवर असेन. तिनं मान वर केली, मी दिसलो, आणि तिच्या डाव्या हातातला चाकू उजव्या हातात गेला.

तिला कळलंसुद्धा नसावं. तसाच उजव्या हातानं तिनं काप घेतला. डाव्या हाताचा चाकू तो, काडीत घुसला, काडी फाटली. टोळीवाला तिच्या मागंच उभा होता. त्यानं फाटलेली काडी उचलून बघितली आणि कपाळाला आठी घातली. ती दुसरी काडी घ्यायला लागली, उजव्याच हातानं.

मी जागच्या जागी वळलो. ओळीकडं पाठ केली आणि बांधावर खाली बसलो, तोंड रस्त्याकडं करून.

थोडा वेळ मागं काहीच ऐकू आलं नाही. मग काडी कापल्याचा आवाज आला. स्वच्छ, एका ओढीचा. मग दुसरा. मग थांबेचनात.

बऱ्याच वेळानं टोळीवाल्यानं मला हाक मारली, "आवो पाव्हणं, तिकडं काय बघताय? हिकडं बघा की, तुमची भन लई झ्याक कापतीया."

मी बघितलं नाही.